खुर्चीचा ताठा

लिहिणाऱ्या माणसानं हलू नये, अशी माझी अनेक वर्षं पक्की समजूत होती. एकदा टेबलाशी बसलं की पान पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही. मधेच उठतो तो लिहिण्याला घाबरतो. रोज फिरायला जातो त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. आणि ज्याला भल्या सकाळी बूट घालून बाहेर पडायला सवड मिळते, त्याचं काम मुळातच हलकं असणार. हे मी कुणाला उघड बोलून दाखवलं नाही. पण मनात ते इतकं मुरलं होतं की ते माझं मत आहे हेही मला कळत नव्हतं. जग असंच असतं, एवढंच वाटायचं.

आळस असता तर त्याबद्दल लिहायला मी बसले नसते. मी आळशी नव्हते. माझ्या बसण्याखाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते मला फार उशिरा दिसलं.

माझं बालपण सोलापुरात गेलं, पूर्व भागाच्या कडेला. हा भाग तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचा. त्यांचे पूर्वज तेलंगणातून पोटासाठी सोलापुरात आले, आणि सोलापुरी चादरीचं नाव झालं त्यात त्यांच्या हातांचा मोठा वाटा आहे. आमच्या घराच्या भिंतीला लागून अशाच एका कुटुंबाचं घर होतं. पुढच्या खोलीत माग. पहाटेपासून त्याचा खटका भिंतीतून ऐकू यायचा. माझे वडील शाळेत मास्तर. अभ्यास करताना मी चुळबुळ केली की ते त्या भिंतीकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "हातपाय चालवून पोट भरायचं नसेल, तर बूड टेकून बस." वडील दुष्ट नव्हते. स्वतःच्या आयुष्यात त्यांना सुटकेची एकच वाट सापडली होती आणि ती पुस्तकातून जात होती. पण त्या वाक्यानं माझ्या डोक्यात माणसांच्या दोन जाती पाडल्या. एक हातपाय चालवणारी, दुसरी डोकं चालवणारी. मी दुसरीत जायचं ठरवलं.

आणि त्याच शेजारघरी दुपारी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू, दोरा. बोटं चालूच, आणि तोंडानं गोष्टी, भांडणं, गाणी. माझं तेलुगू मी त्या सुपांशेजारी बसून शिकले. पुढं त्याच भाषेवर माझं पोट चाललं. ज्या बायकांच्या चालत्या हातांजवळ मला भाषा मिळाली, त्यांच्यासारखं व्हायचं नाही म्हणूनच मी शिकले, ही गोष्ट मी आयुष्यभर स्वतःपासून लपवली. माझ्या बसण्यासाठी घरात कोण उभं होतं, हेही मी कधी विचारलं नाही. आई होती, आत्या होती. पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी आपोआप यायचा.

लग्नानंतर मी हैदराबादला आले, विद्यानगरात. उस्मानिया विद्यापीठाच्या कडेची ही वस्ती. एका बाजूला नल्लाकुंटा, दुसऱ्या बाजूला अडिकमेट आणि शिवम रोड, मधून रेल्वेचे रूळ. कोचिंगची पोरं, निवृत्त प्राध्यापक, खानावळी, झेरॉक्सची दुकानं. इथल्या रस्त्यावर दुर्गाबाई देशमुखांचं नाव दिलेलं रुग्णालय आहे आणि त्यांच्या आंध्र महिला सभेच्या संस्था आहेत. त्यामुळं इथं राहणाऱ्या मराठी माणसाला दुर्गाबाईंचे पती चिंतामणराव देशमुख आठवल्याशिवाय राहत नाहीत. रायगडाजवळच्या नाते गावात 1896 साली जन्मलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला, देशाचा अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली राजीनामा देणारा हा माणूस. त्यांची अखेर हैदराबादेतच झाली, 2 ऑक्टोबर 1982 रोजी. एवढ्या कारभारात त्यांनी 'मेघदूता'चा मराठी अनुवाद केला, गांधीजींची वचनं संस्कृत श्लोकांत आणली आणि ऐंशी ओलांडल्यावर 'अमरकोशा'वर पुस्तक लिहिलं. मी त्यांना माझ्या बाजूचा साक्षीदार करून टाकलं होतं. माझ्या डोळ्यांपुढं ते नेहमी टेबलाशी बसलेलेच असायचे. एवढं काम उगाच होत नाही, बूड टेकावं लागतं, असं मी मनाशी म्हणायची.

माझं काम त्यांच्यासारखं थोर नाही. तेलुगूतून मराठीत अनुवाद, एक सदर, पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासणं, अधूनमधून माहितीपटांची उपशीर्षकं. बहुतेक काम शब्दांच्या हिशोबानं. शब्दाला इतके पैसे म्हटलं की उठण्याचीही किंमत मोजली जाते. दूध उतू गेलं तर त्यात किती शब्द गेले हे मी मोजत असे. खिडकीशी टेबल, तिसरा मजला. सकाळी चहा घेऊन बसले की जेवायला उठायचं, की पुन्हा दिवे लागेपर्यंत. खिडकीतून विद्यापीठाकडे निघालेले लोक दिसायचे. कुणी जोरात हात हलवत, कुणी नवराबायको जोडीनं. मला त्यांची कीव यायची.

शरीरानं तक्रारी केल्या, त्या मी पुढं ढकलल्या. कंबर धरली की उशी घेतली, मान दुखली की पट्टा. मग साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी दंड भरावा तसं चालू लागले. घड्याळाकडे बघत, मनात बुडालेल्या शब्दांचा हिशोब करत, आणि पहिल्या पावसाचं निमित्त मिळताच बंद करत.

इथं एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. चालण्याचं महत्त्व मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच सुमारास मी एका आरोग्यपुस्तिकेचा अनुवाद केला होता. त्यात लंडनच्या बसगाड्यांचा तो प्रसिद्ध अभ्यास होता. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1953 साली 'लॅन्सेट'मध्ये छापला. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि त्याच बसचा कंडक्टर दिवसभर जिना चढउतार करणारा. दोघं साधारण एकाच थरातले, एकाच खात्यातले. पण हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त, आणि कंडक्टरांना झालाच तर उशिरा आणि सौम्य. पोस्टातही तसंच दिसलं. पत्रं वाटत फिरणारा पोस्टमन बरा, टेबलाशी बसलेला कारकून वाईट. हे सगळं मी चांगल्या, सोप्या मराठीत उतरवलं. वाचकाला पटेल असं. कारकुनाच्या वाक्यावर मी विशेष मेहनत घेतली होती. त्या वाक्यात मी आहे, हे मात्र मनाला शिवलं नाही. माहितीनं माणूस बदलतो असं मी सदरातून लिहीत आले आहे. माझ्या बाबतीत ते खोटं ठरलं.

बदल झाला तो बतुकम्मामुळं.

तेलंगणाबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगते. भाद्रपदाच्या अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत इथल्या बायका फुलं थरावर थर रचून एक निमुळता डोंगर करतात, वर हळदीची गौरम्मा ठेवतात, आणि संध्याकाळी त्याभोवती रिंगण धरून गातात. फुलं बागेतली कमी, रानातली जास्त. तरवडाची पिवळी, कुर्डूचे पांढरे तुरे, झेंडू, शेवंती. शेवटच्या दिवशी सगळं तळ्यात सोडतात. 2014 साली तेलंगण वेगळं झालं आणि बतुकम्मा राज्याचा सण झाला. आमच्या इमारतीच्या आवारातही दरवर्षी हे होतं. पुढं होऊन गाणं सांगते ती आमच्या वॉचमनची बायको, नलगोंडा जिल्ह्यातली. दिवसभर ती आमच्या सगळ्या मजल्यांचे जिने झाडते, पुसते.

मला त्या गाण्यांचा त्रास व्हायचा. संध्याकाळ ही माझी तपासणीची वेळ. खिडकी लावली तरी टाळ्या वर यायच्या. मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तक्रार केली होती, तीही एकदाच नाही. एका वर्षी माझ्या तक्रारीमुळं गाणं लवकर थांबवायला लावलं होतं. मी तेलुगूची अनुवादक, आणि खालच्या आवारात जिवंत तेलुगू चाललेलं असताना मी खिडकी लावून घेऊन शब्दकोश उघडत होते. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला.

त्या वर्षी माझ्या हाती तेलंगणातल्या एका बाईच्या बालपणीच्या आठवणींचं पुस्तक होतं. त्यात एक प्रकरण बतुकम्माचं. लेखिकेची आई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून येते, आंघोळ करते, आणि रात्री रिंगणात गाते. प्रकरण छोटं. पण माझ्याच्यानं ते होईना. अर्थ सगळा येत होता, मराठी शुद्ध होतं, वाक्यं लांब आणि विंचरलेली होती. वाचलं की मेल्यासारखं वाटायचं. मी ते पुन्हा लिहिलं, पुन्हा बसले, आणखी घट्ट बसले. मला वाटत होतं की माझी बैठक कमी पडते आहे.

शेवटी मी वही घेऊन खाली गेले. नाचायला नाही. पाऊल आधी कुठलं पडतं, टाळी केव्हा, वाकायचं केव्हा, एवढं नीट टिपून घ्यावं म्हणून. मनात ऐट तीच: या बायका माहिती देणार, लिहिणार मी. मी भिंतीशी उभी राहून टिपत होते. वॉचमनच्या बायकोनं मला पाहिलं. गाणं न थांबवता ती रिंगणातून बाहेर आली, माझ्या हातातली वही घेतली, नवऱ्याच्या खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "तिथं उभं राहून कसं कळेल अम्मा? या." आणि कोपराला धरून मला आत घेतलं.

त्यानंतरचं मला सविस्तर सांगायचं आहे, कारण सगळं त्यातच आहे.

एक पाऊल बाजूला, कमरेतून खाली वाकायचं, टाळी, सरळ व्हायचं, पुन्हा पाऊल. बघायला इतकं सोपं. दुसऱ्याच फेरीत मी चुकले. पाय सरकला तर टाळी राहिली, टाळी धरली तर वाकणं राहिलं. शेजारची मुलगी माझ्यावर आदळली. हादगा मी लहानपणी खेळले होते, पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरले होते, पण ते शरीर आता माझ्याजवळ नव्हतं. गुडघे वाकायला नकार देत होते. आणि मी गाऊ शकत नव्हते. धृपदाचा एक शब्द सगळ्यांनी मिळून म्हणायचा असतो, तोही माझ्या तोंडून निघेना, कारण वाकताना श्वास सुटायचा आणि उठताना नवा घ्यावा लागायचा. माझ्यापुढं ती होती. तिनं पहाटेपासून सगळ्या मजल्यांचे जिने धुतले होते. ती पूर्ण वाकत होती, पूर्ण उठत होती, आणि ओळ सांगत होती, आवाज न तुटता.

मी तिच्याकडे बघू लागले. कौतुकानं नाही, गरजेनं, कारण तिच्याकडे बघूनच माझं पाऊल पडणार होतं. आणि मग लक्षात आलं की तिची ओळ वाकण्याच्या जागी संपते. ती थांबते ती अर्थासाठी थांबत नाही, अंग खाली जातं म्हणून थांबते. पुढची ओळ उठताना सुरू होते, वर येणाऱ्या श्वासावर. ओळीची लांबी तिच्या चालत्या शरीरानं ठरवलेली होती. एकेक ओळ म्हणजे दमलेल्या बाईचा एकेक श्वास, आणि त्यात मावेल तेवढंच दुःख, मावेल तेवढीच गोष्ट. मी जे प्रकरण खुर्चीत बसून लिहीत होते, त्यातली आई शेताच्या चिखलातून आली होती, आणि माझी वाक्यं अशा माणसाची होती ज्याला कधी दम लागलेला नाही.

पण हे झालं कारागिरीचं, आणि मनाला तडा गेला तो नुसता त्यानं नाही. खरी गोष्ट याहून अवघड होती. लहानपणापासून मी जी भिंत बांधून राहिले होते, एका बाजूला राबणारे आणि दुसऱ्या बाजूला विचार करणारे, ती भिंत माझ्यापुढच्या त्या एका बाईत नव्हतीच. जिना पुसणारे हात आणि शेकडो ओळी तोंडपाठ ठेवणारं, प्रसंग पाहून नव्या ओळी बसवणारं डोकं, हे एकच होतं. मी तिला वर्षानुवर्षं जिन्यात पाहिलं होतं आणि एकदाही तिला काही विचारलं नव्हतं. माझ्याच इमारतीत माझ्यापेक्षा चांगली शब्दांची जाणकार राहत होती आणि मी तिच्या आवाजाबद्दल तक्रार अर्ज देत होते.

गाणं संपल्यावर मी तिला म्हणाले की पूर्वी आवाजाची तक्रार मीच केली होती. ती वही परत देत म्हणाली, "माहीत आहे अम्मा. तुमचं काम असतं ना." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या रात्री घरी आल्यावर मी टेबलाशी बसले नाही. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून ते प्रकरण मोठ्यानं वाचलं आणि जिथं श्वास संपला तिथं रेघ मारली. पान रेघांनी भरलं. सकाळपर्यंत काही चमत्कार झाला नाही. त्या प्रकरणाला पुढंही बरेच दिवस लागले. पण काम कुठं अडलं होतं ते सापडलं होतं, आणि ते बैठकीत नव्हतं.

पुढच्या दिवसांत आठवत गेलं तसतसं स्वतःचं आंधळेपण उलगडत गेलं. आमच्या दिवाणखान्यात आईकडून आणलेलं एक जुनं जातं आहे. त्यावर मी मनीप्लँटची कुंडी ठेवली होती. जात्यावरच्या ओव्यांवर मी भाषण दिलं आहे. गी प्वाटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर हिंडून या ओव्या एक लाखाहून अधिक गोळा केल्या, हे मी श्रोत्यांना सांगितलं आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि घरात राबताना त्यांनी रचलेल्या कविता 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकात आल्या आणि आचार्य अत्र्यांनी त्यांना प्रस्तावना लिहिली, हेही मी सांगितलं आहे. टाळ्या घेतल्या आहेत. आणि घरी येऊन, लिहिणाऱ्यानं हलू नये, या समजुतीत पुन्हा खुर्चीत बसले आहे. या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. मी ओव्यांचा गौरव करत होते तो त्या माझ्यापासून लांब होत्या म्हणून.

विनोबांचंही तसंच. मार्च 1951मध्ये ते वर्ध्याजवळच्या आपल्या आश्रमातून पायी निघाले आणि हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला आले. तिथून चालत तेलंगणाच्या धुमसत्या गावांत गेले. 18 एप्रिलला पोचमपल्लीत हरिजन कुटुंबांनी 80 एकर जमीन मागितली आणि तिथले जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली. भूदान तिथून सुरू झालं. पुढं तेरा वर्षं हा माणूस चालत राहिला, आणि चालता चालता शिकत, शिकवत, बोलत राहिला. इथल्या मराठी मंडळींत हा प्रसंग अभिमानानं सांगितला जातो, मीही सांगते. पण त्या पायपिटीला मी संताचं तप समजत होते. ते काम करण्याची रीतही असू शकते, हे मनात आलं नव्हतं. गो. नी. दांडेकर गडकोट आणि नर्मदेचा काठ तुडवत लिहीत होते. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि त्यावर लिहिलं. त्यांच्याबद्दल माझं उत्तर तयार असायचं: त्यांचा विषयच तो होता, माझा नाही.

आणि चिंतामणराव. त्यांना मी टेबलाशी बांधून ठेवलं होतं, पण ते केंब्रिजला शिकले ते निसर्गविज्ञान, आणि 1917 साली तिथं त्यांना वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळालं होतं. बागकामाची त्यांना मनापासून आवड होती. ज्याला झाडं पानाफुलांसकट ओळखता येतात तो कालिदासाच्या वाटेवरच्या झाडांचा अनुवाद निराळ्या भरवशानं करत असणार, असं मला आता वाटतं. हा माझा तर्क आहे. पण पूर्वीचं माझं चित्र तरी कुठं पुराव्यावर उभं होतं?

आता माझा दिवस कसा जातो ते सांगते, पण तो कुणी कित्त्यासारखा घेऊ नये. पहाटे मी अडिकमेटच्या पुलावरून विद्यापीठात जाते. आर्ट्स कॉलेजच्या पायऱ्यांपर्यंत. ही गुलाबी ग्रॅनाइटची इमारत 1939 साली खुली झाली. मला मात्र तिथं जाताना विद्यापीठाच्या आधीच, 1917 साली, सुरू झालेलं दारुत्तर्जुमा आठवतं. उर्दूतून सगळं उच्च शिक्षण द्यायचं तर पुस्तकं हवीत, म्हणून निजामानं उभारलेलं ते भाषांतर खातं. अनुवाद करणारी माणसं या शहरात माझ्या आधी शंभर वर्षं राबली आहेत, ही जाणीव मला चालताना होते, खिडकीशी कधी झाली नव्हती. जाताना आदल्या दिवशीचा अडलेला परिच्छेद डोक्यात असतो. कधी सुटतो, कधी नाही. पुलाखालच्या इडलीच्या बंडीवर लोक बोलतात ते मी ऐकते. विद्यार्थ्यांचं तेलुगू, भाजीवाल्याचं दखनी. घरी आल्यावर कच्चा मसुदा उभ्यानं, दिवाणखाना ते स्वयंपाकघर फेऱ्या घालत मोठ्यानं वाचते. घरातल्यांना सुरुवातीला विचित्र वाटलं. जात्यावरची कुंडी खाली उतरवली आहे. जातं मी अजून फिरवलेलं नाही, आणि ते फिरवल्याचं ढोंगही करणार नाही.

सगळं काम चालत होतं असंही नाही. मुद्रितं बसूनच तपासावी लागतात. सूची बसूनच होते. माझी एक लेखक मैत्रीण कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून आहे आणि पडल्या पडल्या माझ्यापेक्षा चांगलं लिहिते. तिच्यापुढं चालण्याची महती गाणं मला कधीच जमणार नाही. साखर थोडी उतरली आहे, पण आनंद त्याचा कमी आहे. मुदत जवळ आली की मी अजूनही खुर्चीत गाडली जाते आणि पहिली चिडचिड कुणीतरी दार वाजवलं म्हणून होते. जुनं मन गेलेलं नाही. फक्त आता ते माझं मन आहे हे मला दिसतं.

आणि एक गोष्ट मला सतावते. वॉचमनच्या बायकोचेही गुडघे दुखतात. तिचं वाकणं-उठणं तिनं निवडलेलं नाही. मी जे हौसेनं कमावू पाहते आहे ते तिच्या अंगावर लादलेलं आहे, तेही तुटपुंज्या पगारात. तिच्या कष्टांतून मी लय शिकले, असं म्हणून मोकळं व्हायचं मला नाही. तिच्या पगाराचा विषय मी सोसायटीच्या सभेत काढला, पुन्हा काढला. थोडा वाढला, पुरेसा नाही. ज्या सेक्रेटरींकडे मी पूर्वी आवाजाची तक्रार नेत होते त्यांच्याकडेच आता हा विषय घेऊन जाते. त्यांना मी कटकटी वाटते, तशी तेव्हाही वाटत असणार.

बतुकम्माचं प्रकरण मी पुण्याच्या संपादकांना पाठवलं. त्यांचा फोन आला. ते जुने, मुरलेले संपादक, माझ्यावर त्यांचा जीव आहे. म्हणाले, "बाई, बाकी पुस्तक उत्तम उतरलंय. या एका प्रकरणात वाक्यं फार तुटतायत. वाचकाला ठेचा लागतील. जरा सांधून द्या." पूर्वी मी ताबडतोब सांधून दिली असती. मी म्हणाले, इतर ठिकाणी तुम्ही म्हणाल ते जोडते, इथं नाही. त्यांनी कारण विचारलं. फोनवर मला ते नीट सांगता आलं नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं की एकदा उभं राहून, मोठ्यानं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी वाकून वाचून बघा. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले की त्यांच्या वयात ते शक्य नाही, पण सुनेला वाचायला सांगतील. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.